आयांनाही सायकल शिकवा

महोदय,

जागतिक सायकल दिन (३ जून) आला की महिलांच्या सायकल फेऱ्या निघतात, फोटो छापून येतात. छानच आहे ते. पण फेरीत उतरतात त्या बायकांना सायकल आधीच येत असते. चाळिशी-पन्नाशीच्या कितीतरी जणींना ती येतच नाही. लहानपणी घरात सायकल आली ती भावासाठी. आता शिकावंसं वाटतं, पण भर रस्त्यात पडलो तर लोक काय म्हणतील, ही धास्ती.

तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरता मोहिमेतच बायकांना सायकल शिकवायला घेतली. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी ते काम उचलून धरलं. शेतमजूर, दगडखाणीतल्या कामकरणी, अंगणवाडी सेविका हजारोंनी शिकल्या. लेडीज सायकली मिळेनात, तेव्हा त्यांनी जेन्ट्स सायकली घेतल्या. पुढच्या दांड्यावर मूल बसवता येतं म्हणून काहींना तर त्याच जास्त पसंत पडल्या!

आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल मिळते. फार चांगली योजना आहे. पण त्याच घरातली आई बाजाराला, रेशनला, कामावर पायीच जाते. तिच्यासाठी काय?

सकाळी शाळा भरण्याआधी पालिका शाळांची मैदानं मोकळी असतात. तिथे प्रत्येक प्रभागात चार जुन्या सायकली आणि शिकवणारी एक बाई द्या. माझ्या शेजारणीला तिच्या लेकीने शिकवलं, तेव्हा आधी पेडल काढून ठेवली, दोन्ही पाय टेकतील इतकी सीट खाली घेतली आणि नुसतं पायाने ढकलत तोल साधायला लावला. पेडल नंतर बसवली. एकदाही पडली नाही ती! सायकलींना चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी मात्र हवीच, नाहीतर साडीचा काठ किंवा ओढणी अडकते. हल्लीच्या बऱ्याच गिअरच्या सायकलींना दोन्ही नसतं, आणि दुकानदारही ते आपणहून सांगत नाहीत.

रस्त्याचा प्रश्न आहेच. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. तरी आज कित्येक ट्रॅकवर दुचाक्या उभ्या असतात आणि नवशिकी बाई थेट बसच्या पुढ्यात येते. निदान शाळा आणि मंडईकडे जाणारे ट्रॅक तरी आधी मोकळे करा. मैदानांसाठी मात्र कुठल्याच आराखड्याची वाट पाहायला नको. प्रभाग कार्यालयांनी ठरवलं तर दिवाळीची सुट्टी संपताच वर्ग सुरू होतील.

– एक वाचक, पुणे