रविवारी गोदाघाट : कृष्णधवल छायाचित्रण आणि परीक्षण

सभासदांनो, येत्या रविवारी सकाळी ६.१५ वाजता नाशिकच्या गोदाघाटावरील नारोशंकर मंदिरापाशी जमायचे आहे. ऊन तिरपे असेपर्यंतच दगडी कोरीवकाम उठून दिसते, म्हणून उशिरा येणाऱ्यांसाठी थांबणार नाही.

• कॅमेरा रॉ फॉरमॅटवर (टिपलेली सगळी माहिती जपणारी फाइल), पिक्चर स्टाइल मोनोक्रोम (कृष्णधवल). पडद्यावर करडे दिसेल, पण फाइलमध्ये रंग शाबूत राहतील. नुसते मोनोक्रोम जेपेग काढलेत तर नंतर संगणकावर एकेका रंगाचा उजळपणा बदलणारे स्लायडर हलवायला काहीच उरत नाही.
• भगवा ध्वज आणि निळे आकाश सरसकट डिसॅच्युरेट केले (रंग काढून टाकले) की दोन्ही जवळपास एकाच करड्यात मिसळतात. लाल-नारिंगी वर घ्या, निळा थोडा खाली. निळा फार ओढला की आकाशात दाणे येतात आणि कळसाभोवती पांढरी कड उमटते. हा दोष परीक्षणात हमखास सापडतो!
• पाण्यावरची चमक आणि पांढरी धोतरे जळू (तपशील जाऊन नुसती पांढरी होऊ) देऊ नका. हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) उजव्या कडेला आपटला तर एक्स्पोजर पाऊण स्टॉपने (स्टॉप म्हणजे उजेड मोजायची पायरी) कमी करा.
• रामकुंडावर विधी करणाऱ्यांचे जवळून फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. स्नान करणाऱ्या स्त्रियांचे तर अजिबात नाहीत.

परीक्षण त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी १० वाजता, नेहमीच्या खोलीत, खिडकीच्या उजेडात. प्रत्येकी दोनच प्रिंट, ८ × १२ इंच, मॅट कागद; नाव फक्त मागे, पेन्सिलीने. मोबाइलवरचे फोटो पाहिले जाणार नाहीत. काळ्या भागात तपशील आहे का, आणि रंग काढून चित्राला काही मिळाले का, हे आधी पाहू. रंगीत फोटो फसला म्हणून कृष्णधवल केलेला लगेच ओळखू येतो.