आवाहन : पक्षाघातानंतर पुन्हा चालण्यासाठी

स.न.वि.वि.

आपल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या व्यायाम केंद्राच्या दाराशी काढून ठेवलेल्या चपला एकदा येऊन पाहा. एका पायाची धड, दुसरीची पुढची कड घासून पार झिजलेली. पक्षाघातानंतर माणूस उभा राहतो, चार पावलं टाकतो, पण पंजा वर उचलला जात नाही. उंबरठ्याला ठेच लागते, चप्पल मागेच राहते. पडण्याच्या धास्तीनं मग अंगणात येणंही सुटतं. केंद्रात येणाऱ्या एक आजी घरात भिंत धरून चालतात. देवळापर्यंत आपल्या पायानं जायचंय, एवढंच त्या म्हणतात.

यावर उपाय आहे आणि तो नवाही नाही. गुडघ्याखाली बाहेरच्या अंगानं जाणाऱ्या नसेवर दोन पट्ट्या चिकटवून हलका करंट दिला, की पंजा वर येतो. टाच उचलली की करंट सुरू, टाच टेकली की बंद. डॉक्टर लिबरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्येच हे करून दाखवलं होतं.

अमेरिकेतल्या अर्व्हाइन इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले संशोधक त्याच्याही पुढे गेले. रुग्णाच्या डोक्यावर ईईजीची, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणारी टोपी असते. ‘पंजा उचलायचा’ असं मनात आलं, की संगणक ते मेंदूच्या लहरींवरून ओळखतो आणि त्याच क्षणी पायाला करंट देतो. इच्छा आणि हालचाल एकत्र घडली, तर मेंदू तुटलेली वाट पुन्हा जोडू लागेल, असा त्यामागचा विचार. सुरुवातीच्या छोट्या चाचण्यांत काहींची चाल सुधारली.

ती टोपी आपण आणणार नाही. तिच्यावर अजून संशोधनच चालू आहे, आणि तिच्या नावावर पैसे मागणं आम्हाला पटत नाही. पण त्यातली एक गोष्ट आजच करता येते : करंट येतो त्या वेळी रुग्णानं स्वतःही पंजा उचलायचा जीव तोडून प्रयत्न करायचा. नुसतं पडून करंट घ्यायचा नाही.

त्यासाठी टाचेच्या बटणावर चालणारी दोन यंत्रं, चिकटपट्ट्या आणि धरून चालण्याच्या समांतर दांड्या घ्यायच्या आहेत. पट्ट्या वरचेवर बदलाव्या लागतात, म्हणून थोडी थोडी मदतही दर महिन्याला उपयोगी पडेल. दरपत्रकं कार्यालयातल्या फलकावर लावली आहेत, ती जरूर वाचा. देणगी रोख असो वा धनादेशानं, पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. घरात पडून असलेला वॉकर, काठी चालेल. रिक्षावाल्या बंधूंनी आठवड्यातून एक फेरी दिली, तरी कुणाचा तरी व्यायाम चुकणार नाही.

यंत्र फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच वापरलं जाईल. पेसमेकर असलेल्यांनी किंवा फिट्स येणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

आणि घरात कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं, तर तेल चोळत बसू नका, लगेच १०८ ला फोन करा. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

आपले,
संघाचे कार्यकारी मंडळ