भेंड्यांचं नाव कुठे गेलं?

महोदय,

‘बॉम्बे ब्लड ग्रुपचा दाता हवाय’ असा मेसेज आला की आपण तो लगेच पुढे पाठवतो. पण हा दुर्मिळ रक्तगट उजेडात आणणारे डॉ. वाय. एम. भेंडे कुणाला आठवतात? १९५२ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडला. त्या लेखात मुंबईचे देशपांडे, भाटिया होते, तसेच लंडनचे सँगर आणि रेसही.

मी रक्तपेढीत टेक्निशियन होते. रक्ताच्या थेंबांवर अँटी-ए, अँटी-बी ही गट ओळखायची द्रावणं टाकून टाइल हलवली, गुठळी दिसली नाही, की ‘ओ’ लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. (रात्रपाळीत तर फारच!) पण तो माणूस बॉम्बे गटाचा असेल, तर त्याचं सीरम (रक्तातला पेशींवाचूनचा पातळ भाग) ‘ओ’च्या पेशींवर टाका, भराभर गुठळ्या धरतात. कारण ‘ओ’च्या पेशींवर असणारं ‘एच’ प्रतिजन (पेशीवरची ओळखखूण) त्याच्या पेशींवर नसतंच, म्हणून त्याचं सीरम त्याच्यावर तुटून पडतं. अशाला ‘ओ’ रक्त चढवलं तर जिवावर बेततं. म्हणून सीरमची उलट तपासणी टाळायची नाही, हे आमच्या मॅडम ओरडून सांगायच्या.

भेंडे विद्यार्थ्यांसाठी पॅथॉलॉजीचं पाठ्यपुस्तकही लिहून गेले. हल्लीच्या डीएमएलटीच्या (लॅब टेक्निशियनच्या पदविकेच्या) मुलांना मी त्यांचं नाव विचारलं, तर एकाने विचारलं, “भेंडी?”

– एक निवृत्त टेक्निशियन, ठाणे