तिसऱ्याला पडलेलं मत कुणाच्या खात्यातलं नसतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निकाल लागला की कोकणात एक वाक्य ठरलेलं असतं: ‘तिसऱ्याने मतं खाल्ली.’ पडलेल्या उमेदवाराचे कार्यकर्ते एसटी स्टँडपासून जेटीपर्यंत तेच सांगत फिरतात. तिसरा उभा नसता तर त्याची सगळी मतं आपल्यालाच पडली असती, असं त्यात धरून चाललेलं असतं. तसं होत नाही. त्यातली काही समोरच्याला जातात, काही नोटाला (‘वरीलपैकी कुणीही नाही’), आणि काही चाकरमानी तर मुंबईहून गाडीच पकडत नाहीत.

रायगडची २०१४ ची लोकसभा घ्या. शिवसेनेच्या अनंत गीते यांनी राष्ट्रवादीच्या सुनील तटकरे यांना २,११० मतांनी हरवलं. त्याच मतपत्रिकेवर सुनील तटकरे नावाचा आणखी एक अपक्ष होता. त्याला ९,८४९ मतं पडली. शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) उमेदवाराला सव्वा लाखाच्या वर मतं मिळाली. ‘मतविभागणी’ म्हणून हे दोन्ही आकडे एकाच दमात सांगितले जातात, पण त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पहिल्यात चुकून पडलेली मतं बरीच असणार. दुसरी मतं जाणूनबुजून दिलेली आहेत.

अलिबाग-पेण पट्ट्यात शेकापला तिसरा म्हणणं हेच मुळात मुंबईहून बघणं झालं. अलिबागजवळच्या चरीच्या कुळांनी खोतांविरुद्ध, म्हणजे जमीनदारांविरुद्ध, १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं जमीन कसली नाही, आणि नारायण नागू पाटलांच्या त्या लढ्याची ओळख इथल्या घराघरांत पुढे शेकापच्या मतात उतरली. १९८४ ला देशभर काँग्रेसची लाट होती, तेव्हा कुलाब्याने (रायगडचं जुनं नाव) शेकापच्या दि. बा. पाटलांना निवडून दिलं आणि राजापूरने जनता पक्षाच्या मधू दंडवत्यांना. अशा मतदाराला ‘मत फुकट घालवू नकोस’ हे सांगायला जाणारा त्याला ओळखतच नाही.

चुकून पडणाऱ्या मताचं मात्र काही करता येतं. १ मे २०१५ नंतरच्या निवडणुकांत मतदान यंत्रावरच्या मतपत्रिकेत उमेदवाराचा फोटो असतो. नावं सारखी असली तर व्यवसाय किंवा गाव जोडून फरक दाखवावा, असा नियम आहे. मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार आधी, मग नोंदणीकृत पक्षांचे, शेवटी अपक्ष, असा क्रम असतो. त्यामुळे नामसाधर्म्याचा अपक्ष बहुधा खूप खाली सापडतो. तरी घोटाळा होतो, कारण वाडीत प्रचार नावाचा होतो, क्रमांकाचा नाही. म्हाताऱ्या माणसांना क्रमांक, चिन्ह आणि फोटो तिन्ही एकत्र दाखवले पाहिजेत, तेही नमुना मतपत्रिकेवर. मत कुणाला गेलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी ७ सेकंद दिसते; पण ती दिसेपर्यंत मत नोंदलेलं असतं, चुकीचं बटण दाबलं म्हणून परत फिरता येत नाही.

कुठलं मत कोणत्या प्रकारचं, हे ओळखायला फॉर्म २० हातात घ्यावा. निकालानंतर मिळणाऱ्या या तक्त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते ओळीने असतं; नोटाचा रकाना वेगळा. समजा एका अपक्षाला मतदारसंघात २,००० मतं आहेत. ती तीनशे केंद्रांवर पाच-सात, पाच-सात अशी सगळीकडे सारखी शिंपडलेली दिसली, तर ती चिन्हाची किंवा नावाची गफलत, नाहीतर दोन्ही मोठ्या पक्षांना कंटाळलेली सुटी मतं. तीच २,००० मतं आठ केंद्रांत गोळा झाली असतील, तर त्या आठ गावांत जाऊन विचारायला हवं. किनाऱ्यावरची केंद्रं असतील तर बहुतेक वेळा एलईडी दिव्यांची किंवा पर्ससीनची (मोठ्या घेर जाळ्याची) मासेमारी निघेल, ज्यावर दोन्ही मोठे उमेदवार गप्प बसलेले असतात. आत डोंगराकडची असतील तर भूसंपादन, किंवा मार्चपासून आटणारी विहीर. उमेदवाराच्या स्वतःच्या गावापुरतीच मतं असतील तर ती भावकी आणि गावकी. मागच्या निवडणुकीशी तुलना करताना केंद्राचा क्रमांक बदलला आहे का ते आधी तपासावं, नाहीतर भलत्याच वाडीचा निष्कर्ष निघतो.

याच कागदाची एक वाईट बाजूही आहे. हजारभर मतदारांच्या केंद्राचा आकडा उघडा पडतो आणि ‘तुमच्या वाडीने आम्हाला दिलं नाही’ म्हणून रस्त्याची खडी अडते. तरीही लोक तिसऱ्याला देतात, यावरून त्या मतामागे काय असतं ते कळावं.

उभं राहणाऱ्याला तरी हे कुठे सोपं आहे? मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर नाव सुचवणारा एक मतदार, म्हणजे सूचक, पुरतो, अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा लागतात. एखाद्याचं नाव शेजारच्या मतदारसंघाच्या यादीत निघालं की छाननीत अर्ज जातो. विधानसभेला अनामत १०,००० रुपये, लोकसभेला २५,०००, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मी. ती परत मिळायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. दीड लाख वैध मतं असतील तर २५,००० च्या वर. नोटाची मतं या हिशेबात धरत नाहीत. डिपॉझिट गेल्याची चेष्टा होते, पण त्याहून महाग पडतो तो खर्चाचा हिशेब. निकालापासून ३० दिवसांत तो दिला नाही तर निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. बरेचसे अपक्ष हरल्यावर तिकडे फिरकतच नाहीत आणि पुढच्या खेपेला अडकतात.

नोटाबद्दल एवढंच: विधानसभा-लोकसभेत त्याला सर्वाधिक मतं पडली तरी दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार विजयी होतो. स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी मात्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढून तिथे फेरनिवडणुकीची तरतूद केली. म्हणून दोघेही नको असलेला मतदार विधानसभेला तिसऱ्याचं बटण शोधतो. तिथे निदान कुणाच्या तरी नावापुढे आकडा चढतो.

आपल्या दैनिकाला विनंती आहे की निकालाच्या आठवड्यात पुरवणीत विजयी मिरवणुकांचे फोटो थोडे कमी करून तालुक्याचा फॉर्म २० केंद्रवार छापावा, नोटाच्या रकान्यासकट.

आपला,
एक मतदार
ता. गुहागर, जि. रत्नागिरी (लोकसभा मतदारसंघ रायगड)