मंद्या, तुझ्या पहिल्या स्लाईडबद्दल

प्रिय मंद्या,

व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर तू थम्सअप टाकून मोकळा झाला असतास, म्हणून हे लांबलचक पत्र.

माटुंग्याच्या कॉलेजात आपल्या इफेक्टिव्ह अल्ट्रुइझम ग्रुपची (दिलेल्या पैशातून, वेळेतून जास्तीत जास्त भलं कसं होईल ते बघणारे आपण) ओळख करून देणारं तुझं सेशन भारी झालं, वादच नाही. मच्छरदाणीचा फोटो, आफ्रिकेतल्या पोरांचा मलेरिया, दान कुठे द्यावं ते सुचवणारी गिव्हवेल २००७ पासून संस्था कशा तपासून घेते, पोरं कान टवकारून ऐकत होती. पण एआय, म्हणजे त्याच्यापासून माणसाला धोका होऊ नये हे काम, कधी आलं? शेवटच्या पाच मिनिटांत, तेही "आणखी काही विषय" म्हणून! अरे आपला रविवारचा वाचनगट एआयवर, फेलोशिपला ज्यांच्या मागे लागतो ती पोरं एआयवाली, मलेरियावर आपण शेवटचं कधी बोललो आठवतंय का? तुझं एकही वाक्य खोटं नव्हतं, पण कशाला किती जागा दिलीस त्यातून ऐकणाऱ्याचा समज चुकीचाच होणार ना.

ती गोवंडीची मुलगी आठव. वहीत आकडे उतरवून घेतलेले, विचारत होती की या मलेरियाच्या कामात शिरायचं तर पुढे काय शिकू. तू तिला एआय सेफ्टीच्या वाचनगटाची लिंक दिलीस आणि पुढच्या पोराकडे वळलास. तिने थँक्यू म्हणून वही बॅगेत टाकली, आणि गेली.

एआयचं काम फालतू आहे असं मी म्हणत नाहीये हां. एआय बिघडलं तर पुढच्या पिढ्याही भोगतील, आणि अजून जन्माला न आलेल्यांचाही विचार करावा हे मला पटतं, म्हणून तर ग्रुपात आहे. प्राधान्यं बदलतातच रे. आपल्या या चळवळीचे तत्त्वज्ञ टोबी ऑर्ड आणि विल मॅकअ‍ॅस्किल यांनी २००९ मध्ये ऑक्सफर्डला दहा टक्के कमाई द्यायची शपथ सुरू केली ती फक्त गरिबीसाठी होती, २०१४ मध्ये शपथेचे शब्दच बदलले आणि ती बाकीच्या कामांनाही खुली केली. करिअरचा सल्ला देणाऱ्या एटी थाउजंड अवर्स या संस्थेनेही २०२५ मध्ये जाहीर करून टाकलं की आता आमचा भर एजीआयवर, म्हणजे माणसाच्या तोडीच्या एआयवर. पटो न पटो, आत येणाऱ्याला कळतं तरी. वर्गणी आरतीच्या नावाने आणि पैसा डीजेवर, यावर आपणच चाळीत किती बोंबललोय!

तू म्हणशील एआयने सुरुवात केली तर अर्धा हॉल उठेल. उठू दे की. विरारहून लटकत आलेल्या पोराला दोन तासांनी नाही, पहिल्या मिनिटाला कळू दे आपण कशात आहोत ते, आणि आपल्यातच यावर एकमत नाही हेही सांग, त्यात लाज कसली. ज्याला आरोग्याचंच काम करायचंय त्याला सरळ सांग की आमच्याकडे त्यातलं माणूस नाही, पण अमुक अमुक वाच. आणि त्या मुलीला आधी मेसेज कर, नंबर रजिस्टरमध्ये आहे.

पुढचं सेशन पार्ल्याला आहे ना? स्लाईड तीच राहणार असेल तर पोस्टरवरून माझं नाव काढ. रागाने नाही म्हणत, खरंच काढ.

तुझा,
सम्या