रुग्णवाहिकेच्या औषधपेटीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

वाड्यांवरच्या ग्रामस्थांना आणि मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांना मंडळाची कळकळीची विनंती.

गेल्या मे महिन्यात बांधाचे दगड उचलताना आपल्या एका ताईंना विंचू चावला. मंडळाची गाडी लगेच पोचली. ताईंचं अंग घामाने निथळत होतं, उलट्या चालू होत्या, हातपाय गार पडले होते. सिस्टरनी पेटी उघडली, तर प्राझोसिनच्या गोळ्यांची मुदत मार्चमध्येच संपलेली. आरोग्य केंद्र गाठेपर्यंतचा पाऊण तास गाडीतलं कुणीच विसरलेलं नाही. ताई वाचल्या. पण चूक मंडळाची होती, आणि ती महाड तालुक्यात व्हावी याचं दुःख अधिक. याच तालुक्यात, बिरवाडीच्या आरोग्य केंद्रापासून सुरुवात करून, डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या पेशंटांच्या उशाशी रात्री काढल्या. विषाने रक्तदाब भडकतो, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं. तिथे रक्तदाबाची ही साधी गोळी वेळेत मिळाली तर माणूस वाचतो, हे त्यांनी जगाला दाखवून दिलं. ती स्वस्त गोळी आपल्याच पेटीत नव्हती.

शासनाची १०८ सेवा २०१४ पासून मोफत आहे, आणि पहिला फोन तिथेच करायचा. पण पावसात साकव पाण्याखाली गेला की मोठी गाडी अलीकडेच थांबते. तिथवर पेशंट आणणं आपल्याकडे.

पेटीतली औषधं सिस्टर डॉक्टरांना फोनवर विचारूनच देतात. छातीत कळ आली तर चावून खायची अ‍ॅस्पिरिन. दम्याला नेब्युलायझरमधून सालब्युटामॉल. साखर उतरून शुद्ध हरपली तर शिरेतून ग्लुकोज. गांधीलमाश्या चावून घसा सुजला, श्वास कोंडला, तर मांडीत अ‍ॅड्रिनलिन, आणि ते मिनिटांत द्यावं लागतं. अपघातात फार रक्त गेलं तर ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिड. तीन तासांच्या आत दिलं तरच त्याचा उपयोग, पहिल्या तासात सर्वांत जास्त. ऑक्सिजनचा लहान सिलिंडर पंधराशे लिटरचा. मिनिटाला दहा लिटर लावला तर अडीच तासांत रिकामा होतो.

सर्पदंशाची लस गाडीत ठेवत नाही. तिची रिअ‍ॅक्शन येऊ शकते, म्हणून ती दवाखान्यातच द्यायची.

यातलं बरंचसं न वापरताच मुदत संपून टाकून द्यावं लागतं. काही देणगीदार विचारतात, औषध वापरलंच नाही तर पुन्हा पैसे कशाला? अ‍ॅड्रिनलिनची गरज वर्षभरात एकदाही पडली नाही, तर त्याहून चांगलं वर्ष कोणतं? पण त्या एका दिवशी ते ताजंच हवं. आता पेटीची तपासणी दर महिन्याच्या एक तारखेला होते आणि यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते.

हवं आहे ते असं: औषधं बदलायला वर्षभराचा निधी, साखर तपासायच्या पट्ट्या, दुसरा ऑक्सिजन सिलिंडर, आणि उन्हाळ्यात तापलेल्या गाडीत औषधं खराब होऊ नयेत म्हणून एक चांगली शीतपेटी. घरातली उरलेली औषधं मात्र कृपया आणू नका. ती कुठे, कशी ठेवली होती हे कळत नाही, म्हणून पेशंटला देता येत नाहीत. त्यापेक्षा वाडीतल्या दोन तरुणांना प्रथमोपचार शिकायला पाठवा.

फूल ना फुलाची पाकळी, जमेल ते द्या. पैसे ग्रामपंचायत कार्यालयात भरून पावती घ्यावी. बँक खात्याचा तपशील तिथल्या फलकावर आहे. चाकरमान्यांनी गणपतीला आल्यावर दिलं तरी चालेल, पण विंचू पहिल्या पावसातच बाहेर पडतात, तेव्हा जमलं तर मे संपायच्या आत पाठवा.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते