बाळ्या, कूर्मासन जमलं रे!

प्रिय बाळ्या,

तुझे दोन फोन येऊन गेले आणि मी उचलले नाहीत, कारण हे घाईघाईत फोनवर सांगायचं नव्हतं. गेल्या मंगळवारी मला कूर्मासन जमलं. पाय पसरून, दोन्ही हात गुडघ्यांखालून बाहेर काढून, छाती खाली आणि हनुवटी चटईला. चार वर्षं ज्याच्या मागे होतो ते. आणि खरं सांगतो, त्याआधीचे सात आठवडे मी पुढे वाकायचं एकही आसन केलेलं नव्हतं!

माझं जुनं रूटीन तुला माहितीच आहे. पहाटे सव्वापाचला उठायचं, बारा सूर्यनमस्कार, मग पश्चिमोत्तानासन (पाय लांब करून पुढे वाकायचं), मग बकासन (हातांवर तोल), पिंच मयूरासन (कोपरांवर उलटं उभं राहायचं), कूर्मासन अशी सगळी अवघड आसनं एकामागोमाग, आणि साडेसातच्या आत तलावपाळीवरून चालत ठाणे स्टेशन. सातही दिवस तेच, त्याच क्रमाने. काही पुढे सरकत नव्हतं, पण मला वाटायचं आपणच कमी पडतोय, म्हणून मग आणखी ओढायचं, आणखी ओढायचं. शेवटी डाव्या मांडीच्या मागची शीर धरली, अगदी वर, बसायचं हाड असतं ना तिथे. लोकलमध्ये सीट मिळाली तरी मी भायखळ्यापर्यंत उभा, कारण बसलं की कळ यायची.

पंधरा दिवस कुणाला बोललो नाही. मग पाचपाखाडीच्या आमच्या योग शिकवणाऱ्या ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, स्नायू हाडाला जिथे चिकटतो तिथे रक्त कमी पोचतं, ते भरायला वेळ लागतो, आणि तू रोज सकाळी तीच जागा उसवतोयस. शिवाय पहाटेच कशाला वाकतोस? रात्रभर आडवं झाल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी धरून फुगलेल्या असतात, अंग थंड असतं, संध्याकाळी तेच अंग कितीतरी सैल असतं. इतक्या वर्षांत हे मला माहीतच नव्हतं रे.

मग त्यांनी सगळं बदलून टाकलं. सराव संध्याकाळी, ऑफिसवरून आल्यावर आठ वाजता, आणि जेवण त्यानंतर. सोमवार-गुरुवार हातांवरची आसनं, मंगळवार-शुक्रवार मागे वाकायची, म्हणजे भुजंगासन, शलभासन, सेतुबंध आणि शेवटी चक्रासन. पुढे वाकणं पूर्ण बंद. शलभासन आणि सेतुबंध मुद्दाम, कारण त्या शिरेला नुसती विश्रांती देऊन भागत नाही, हळूहळू ताकदही द्यावी लागते. बुधवार-शनिवार फक्त आधार घेऊन पडायचं, पाठीखाली लोड, पावलं एकमेकांना चिकटवलेली, गुडघ्यांखाली घडी केलेल्या चादरी, दहा-दहा मिनिटं सुप्त बद्धकोनासन. रविवारी काहीच नाही. पहिले दोन आठवडे त्या बुधवारचा मला इतका राग यायचा, की दहा मिनिटं पडून आपण काय मिळवतोय, एवढ्या वेळात चार आसनं झाली असती.

आधी आलं ते बकासन. मी नेहमी उडी मारल्यासारखे पाय उचलायचो आणि नजर खाली पायांकडे, म्हणून तोंडावर जायचो. ताईंनी काय केलं, मला पायाखाली घरातला पाट घ्यायला लावला आणि तोंडासमोर लोड ठेवला. म्हणाल्या, उचलू नकोस, बोटांनी जमीन धर, समोर वीतभर पुढे बघ आणि नुसतं वजन पुढे जाऊ दे. तिसऱ्या गुरुवारी पाय आपोआप सुटले. पाच श्वास. समोर लोड आहे म्हटल्यावर पडायची भीतीच उरली नव्हती, आणि मला वाटतं इतके दिवस मनगट नाही, ती भीतीच आड येत होती.

कूर्मासनाचं मात्र मला अजून आश्चर्य वाटतं. दुखणं थांबून बरेच दिवस झाले होते म्हणून ताईंनी मंगळवारी म्हटलं, हळूच बघ, ओढायचं नाही, श्वास सोडताना जेवढं जाईल तेवढंच. आणि गेलं! नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं की अडलं होतं ते मांडीच्या मागे नव्हतंच, जांघेत आणि खांद्यात होतं. जांघ त्या चादरींवर पडून पडून सैल झाली, खांदे मागे वाकून उघडले, आणि मी चार वर्षं तिसरीच जागा ताणत बसलो होतो.

'स्थिरसुखमासनम्' तुला पाठ आहे, शाळेत म्हणायचो आपण. पण पतंजलींच्या योगसूत्रांतलं त्याच्या पुढचं सूत्र, 2.47, त्यात 'प्रयत्नशैथिल्य' हा शब्द आहे, म्हणजे प्रयत्न सैल सोडणं. ताईंनी तो वहीत लिहून दिला. मी आधीही वाचला होता, पण तेव्हा तो साधूसंन्याशांसाठी असेल असं समजून पुढे गेलो होतो. आता वाटतं तो माझ्यासारख्या नोकरदार माणसाच्या बुधवारासाठीच लिहिलाय.

पिंच मयूरासन अजून नाही. भिंतीला टेकून होतं, भिंत सोडली की कोपर बाहेर पळतात. घाई नाहीये. परवा पाऊस थांबला तेव्हा उपवनला गेलो होतो, तलावाकाठी तासभर बाकावर बसलो आणि उठल्यावर ध्यानात आलं की मांडीकडे एकदाही लक्ष गेलं नव्हतं.

तू मनगट दुखतं म्हणून चार महिने सराव सोडलायस, वहिनी म्हणाल्या मला. तेव्हा एक कर. दुखायच्या आधी सोमवार ते रविवार काय काय करायचास, किती वाजता आणि कुठल्या क्रमाने, सगळं वारानुसार लिहून पाठव. बुधवारी ताई भेटतात, त्यांना दाखवतो.

तुझाच,
ठाणेकर